अंडरबॉडी कोटिंगच्या नावाखाली काळं ऑइल: बंदरावरच्या गाडीवाल्यांनो, हे वाचा

१ जूनला मासेमारी बंदी लागते आणि ३१ जुलैपर्यंत बंदरावरच्या गाड्या दारात उभ्या राहतात. फिटनेस (गाडी चालवण्यायोग्य असल्याचं आरटीओचं प्रमाणपत्र), पाटे (चाकांवरच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा), ब्रेक, पत्र्याचं काम, वर्षभर जे जे पुढे ढकललेलं असतं ते सगळं या दोन महिन्यांत निघतं. हंगामाचे थोडेफार पैसे गाठीला असतात आणि गाडी रिकामी असते. नेमक्या याच वेळी अंडरबॉडी कोटिंग, म्हणजे गाडीच्या खालच्या भागाला गंज लागू नये म्हणून लावायचा थर, विकणारी माणसं बंदरावर फिरायला लागतात. गेल्या बंदीत त्यांनी आमच्यासारख्या बऱ्याच जणांना गाठलं. यंदाही ती येणार. म्हणून बंदी लागायच्या आधी हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

आमचा आयशरचा ट्रक रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावरून आंबा घाटाने कोल्हापूरला मासे नेते. एप्रिल-मेमध्ये वाशीला आंब्याच्या पेट्यांचे फेरे असतात. गाडी हे चालवतात, हिशोब आणि कागदपत्रं माझ्याकडे. घर या एका गाडीवर चालतं, त्यामुळे तिच्या पत्र्याला भोक पडलं तर ते आमच्या ताटाला पडतं.

मासळीच्या गाडीला गंज का खातो, हे आपल्या लोकांना वेगळं सांगायला नको, पण फसवणूक कळण्यासाठी थोडं सांगावं लागेल. खोक्यांतला बर्फ वितळतो, त्या पाण्यात रक्त, चिकटा आणि समुद्राचं मीठ असतं. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ. हे पाणी हौद्याच्या फटींतून सरळ चासीवर (गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर), क्रॉस मेंबरवर (सांगाड्याच्या आडव्या पट्टीवर), पाट्यांच्या मधे उतरतं. पाणी वाळलं तरी मीठ तिथेच राहतं. हवेतला दमटपणा ७५ टक्क्यांच्या वर गेला की मीठ स्वतःच हवेतलं पाणी ओढून ओलं होतं, आणि आपल्याकडे पावसाळ्यात हवा त्याहून कितीतरी दमट असते. म्हणजे गाडी छपराखाली कोरडी उभी असली, तरी चासीवरचं मीठ ओलंच. लोखंड, ओलावा आणि मीठ एकत्र आले की गंज थांबत नाही. तेव्हा गाडी वाचवायची तर आधी मीठ धुऊन काढायचं, पत्रा पूर्ण वाळवायचा आणि मगच वर काही लावायचं. या क्रमातला पहिला आणि दुसरा टप्पा गाळला, तर तिसऱ्याने फायदा होत नाही, नुकसान होतं. आम्हाला फसवलं ते या गाळलेल्या दोन टप्प्यांत.

बंदरावर दोन तरुण आले होते. बोलणं गोड, अंगात कंपनीचा वाटेल असा शर्ट. त्यांच्याकडे मिठाच्या पाण्याची बादली होती आणि तिच्यात पत्र्याचे दोन तुकडे. एक तांबेऱ्याने लालभडक झालेला, दुसरा काळा, गुळगुळीत, रबरासारखा. "दादा, हाच माल तुमच्या गाडीला. समुद्राकाठच्या गाड्यांसाठी खास बनवलेला आहे. पाच वर्षं खालून बघायचं नाही." मी तिथेच होते. मला म्हणाला, "वहिनी, एकदा खर्च करा, दर वर्षीची वेल्डिंग वाचवा." तो तुकडा खोटा नव्हता, हे मुद्दाम सांगते. त्याच्यावर खरंच चांगलं रबरी कोटिंग होतं, स्वच्छ नव्या पत्र्यावर नीट लावलेलं. दाखवलेला माल एक आणि गाडीला लावलेला दुसरा, असा हा प्रकार आहे. त्यामुळे बादलीतला नमुना कितीही चांगला दिसला तरी त्यावरून काही ठरवू नका.

ठरलेला भाव १८,००० रुपये. त्यात खालून वॉशिंग, गंज काढणं, अंडरबॉडी कोटिंग आणि केबिनला सिरॅमिक कोटिंग. त्यांची शेड खाडीच्या बाजूला, पुढून उघडी. गाडी सकाळी ठेवा, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी न्या, असं सांगितलं. ह्यांनी तिथे थांबतो म्हटल्यावर उत्तर मिळालं की केमिकलचा फवारा असतो, डोळ्यांना त्रास होतो, गिऱ्हाईकाला आत थांबू देत नाही. दुसऱ्या दिवशी गाडी मिळाली ती दिसायला नवी. खालून एकसारखी काळीकुळकुळीत, केबिन चकचकीत. सोबत रंगीत गॅरंटी कार्ड आणि १८ टक्के जीएसटी लावलेलं छापील बिल.

केबिनचं थोडक्यात सांगते, कारण खरं नुकसान तिथे नव्हतं. सिरॅमिकचा थर मोजक्या मायक्रॉनचा असतो, तो बंद, धूळ नसलेल्या जागी, रंग साफ करून हाताने लावतात. उघड्या शेडमध्ये, पावसात, बाकीच्या कामाबरोबर तो होत नाही. आमच्या केबिनला चोपडलं होतं ते पॉलिश, आणि श्रावण यायच्या आत ते गेलं. शिवाय खरं सिरॅमिक असतं तरी मालाच्या गाडीला त्याचा उपयोग बेताचाच. धुणं सोपं होतं, रंग उन्हात कमी विटतो, एवढंच. गंजणाऱ्या चासीशी त्याचा काही संबंध नाही.

खरा प्रकार फिटनेसच्या आधी उघड झाला. आमची गाडी आठ वर्षांच्या पुढची, त्यामुळे फिटनेस दरवर्षी करावं लागतं. आधी आमचे नेहमीचे वेल्डर मेस्त्रीकाका गाडीखाली गेले. चासी नंबर शोधायला लागले तर तो काळ्या थराखाली गडप. नंबर वाचता आला नाही तर पासिंग होणार कसं, म्हणून त्यांनी पटाशीने थर खरवडला आणि तो पापडासारखा सुटत गेला. आतून पाणी आलं. कोरड्या दिवसांत, गाडी कुठेही भिजलेली नसताना, थराच्या आतून पाणी. मग त्यांनी क्रॉस मेंबरवर हातोडी मारली. टणटण वाजायला हवा तो भाग बद्द वाजला आणि गंजाचे पदर खाली पडले. काकांनी बोट घासून वास घेतला आणि म्हणाले, "वैनी, ह्यो कोटिंग न्हाय. काला आईल हाय, त्यात डांबर मिसललंय." काळं ऑइल म्हणजे इंजिनातून काढलेलं जुनं, वापरलेलं ऑइल.

मी स्वतः वाकून बघितलं. सुटलेल्या पापडाच्या आतल्या बाजूला घाटाची तांबडी माती चिकटलेली होती आणि त्या मातीत तारलीचे खवले. चांदीसारखे, अख्खे. हे बघून मला जो संताप आला तो अजून गेलेला नाही. गाडी खालून धुतलीच नव्हती. वॉशिंगचे पैसे घेतले, गंज काढायचे पैसे घेतले, आणि मीठ, माती, खवले सगळं जागच्या जागी ठेवून वरून काळं फासलं. मीठ आत कोंडलं गेलं. उघडी चासी निदान ऊन-वाऱ्याने वाळते तरी. ही वाळूच शकत नव्हती. बॉक्सच्या चॅनेलला पाणी निघून जायला जी भोकं असतात, तीसुद्धा या थराने बुजवलेली. म्हणून आत पाणी साठलेलं. पाट्यांचे रबरी बुश ऑइलने फुगून मऊ पडले होते, कारण खनिज तेल साध्या रबराचा शत्रू आहे. क्रॉस मेंबर बदलणं, बुश, सगळं खरवडणं आणि गाडी उभी राहिल्यामुळे बुडालेलं भाडं, हे सगळं मिळून त्या १८,००० च्या कितीतरी पुढे गेलं. विम्यात यातलं काही बसत नाही. गंज आणि झीज मोटार विम्यातून वगळलेलीच असते.

इथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. जुने ड्रायव्हर गाडीला खालून तेलाचा हात मारतात, काही वॉशिंग सेंटरवरही डिझेल-ऑइलचा फवारा मारतात. धुतलेल्या, वाळलेल्या लोखंडावर तेलाने गंज काही काळ लांबतो, हे खरं आहे. त्यामुळे धूळ बसते, रबर खराब होतं, गटारात तेल जातं, म्हणून मला ते पटत नाही, पण त्याला मी फसवणूक म्हणणार नाही. ते लोक ऑइल म्हणून ऑइल मारतात आणि ऑइलचेच पैसे घेतात.

पाण्याचीही एक गोष्ट मागाहून कळली. त्या शेडमध्ये वॉशिंगला जे पाणी वापरतात ते खाडीलगतच्या विहिरीचं, मचूळ. आमच्या गाडीला तेही मिळालं नाही, पण ज्यांच्या गाड्या तिथे खरोखर धुतल्या त्यांनी खाऱ्या पाण्यानेच मीठ धुतलं असं झालं. पिण्याच्या पाण्यात क्लोराइडची मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम धरतात. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे पाणी तपासायचं किट असतं, त्यात क्लोराइड कळतं. तुमच्या नेहमीच्या वॉशिंग सेंटरचं पाणी खाडीजवळच्या विहिरीचं असेल तर बाटलीभर पाणी नेऊन तपासून घ्या. निदान जिभेला तरी लावून बघा.

आता ते गॅरंटी कार्ड. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत पाच वर्षं. मागच्या बाजूला बारीक इंग्रजीत अटी. माझ्या पुतणीने त्या वाचून दाखवल्या. मीठ, समुद्राची हवा आणि पुराचं पाणी यांमुळे झालेलं नुकसान गॅरंटीत धरलं जाणार नाही, अशी त्यातली एक अट. समुद्राकाठच्या गाड्यांसाठी खास म्हणून बंदरावर उभं राहून विकलेला माल, आणि त्याची गॅरंटी समुद्राची हवा सोडून! दुसरी अट अशी की दर तीन महिन्यांनी त्यांच्याकडेच पैसे भरून तपासणी केली नाही तर कार्ड बाद. बिलावरचा जीएसटी नंबर मी जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर टाकला. तसा नंबरच नव्हता. महाराष्ट्रातल्या नोंदणीचा नंबर २७ ने सुरू होतो आणि अक्षरं-आकडे मिळून एकूण १५ असतात, हे मोबाइलवर एका मिनिटात तपासता येतं. नोंदणी नसलेल्याला जीएसटी घेण्याचा अधिकारच नाही, म्हणजे कराच्या नावाखालीही त्यांनी पैसे उकळले. फोन केला तर सुरुवातीला "बघून सांगतो", मग उचलायचं बंद. शेडवर गेलो तर बोर्ड बदललेला, आतला माणूस म्हणतो आम्ही नवीन आहोत.

आम्ही सोडलेलं नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, वकिलाकडून नोटीस पाठवली आणि जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केला आहे. आम्हाला सगळीकडे ऐकवलं गेलं की गाडी धंद्याची आहे, तुम्ही ग्राहकच ठरत नाही. तसं नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ग्राहकाच्या व्याख्येलाच स्पष्टीकरण जोडलेलं आहे. स्वतः राबून, केवळ पोटापाण्यासाठी वापरायला घेतलेली वस्तू व्यापारी कारणासाठी घेतली असं धरत नाहीत. एक गाडी, ती घरचाच माणूस चालवतो, हे आम्ही अर्जात स्पष्ट लिहिलं आहे. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगात फी लागत नाही आणि वकील लावायची सक्तीही नाही. तारखा चालू आहेत.

मेस्त्रीकाकांनी नंतर काम कसं केलं तेही सांगते, म्हणजे तुम्हाला तुलना करता येईल. सगळा काळा थर खरवडला. गाडी नळाच्या गोड्या पाण्याने खालून दाबाने धुतली, पाट्यांच्या मधे, चॅनेलच्या आत नळी घालून, निघणारं पाणी स्वच्छ येईपर्यंत. मग गाडी उन्हात नुसती उभी ठेवली. त्यावर घाई करायला ते तयारच झाले नाहीत. लोखंडाच्या पृष्ठभागाचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतलं पाणी दव होऊन बसतं त्यापेक्षा) निदान ३ अंश जास्त हवं आणि हवेतला दमटपणा ८५ टक्क्यांच्या आत हवा, असा रंगकामाचा नियम आहे. काकांना हे आकडे माहीत नाहीत, पण सकाळी दव असताना ते डबा उघडत नाहीत. आणि मग लक्षात येतं की भर पावसात, उघड्या शेडमध्ये, दोन दिवसांत कोटिंग हे मुळात होण्यासारखं कामच नाही. बंदीच्या काळात करायचं असेल तर बंद, पंखे-हीटर असलेली जागा हवी, नाहीतर ते पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरनंतर करावं. पुढे ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून गंज काढला, उरलेल्या डागांना फॉस्फोरिक ॲसिडचं रस्ट कन्व्हर्टर (उरलेला गंज मारणारं द्रावण) लावलं, मग प्रायमर, मग रंग आणि शेवटी कोटिंग. पाण्याची भोकं, सायलेन्सर, ब्रेक, पाटे, प्रोपेलर शाफ्ट आणि चासी नंबर यांवर कागद-टेप लावून ते मोकळे ठेवले. हौद्यातलं पाणी चासीवर न पडता बाहेर टाकीत जावं म्हणून खाली पन्हाळ आणि पाइप जोडला. घाटात माशाचं पाणी सांडून दुचाकीवाले घसरतात, तेही त्यामुळे थांबलं. प्रत्येक टप्प्यावर ह्यांना हाक मारून पत्रा दाखवला आणि फोटो काढू दिले.

माझं सांगणं यातल्या एकाच जागेबद्दल आहे. धुणं आणि काळं लावणं यांच्या मधे गाडी उघडी, कोरडी, स्वच्छ अशी तुमच्या डोळ्यांनी बघायला मिळाली पाहिजे. जो कोणी त्या वेळी तुम्हाला आत येऊ देत नाही, त्याला गाडी देऊ नका, मग त्याचा डबा कुठल्याही कंपनीचा असो. डबे कंपनीचे आणि आतला माल भलताच असूही शकतो, म्हणून डबे आपल्यासमोर फोडून घ्या. अर्धे पैसे उघडा पत्रा बघितल्यावरच द्या.

गेल्या बंदीत ज्यांनी असं कोटिंग करून घेतलं आहे, त्यांनी पाऊस लागायच्या आत एखाद्या कोपऱ्यात पटाशी लावून बघा. आत माती किंवा खवले निघाले तर लगेच सगळं खरवडू नका. आधी गाडीच्या नंबरप्लेटसह फोटो आणि व्हिडिओ काढा, सुटलेला थर पिशवीत जपून ठेवा, वेल्डरकडून त्याने काय पाहिलं ते सही-तारखेसह लिहून घ्या आणि कार्ड, बिल, पैसे पाठवल्याचा पुरावा एकत्र ठेवा. आयोगात तक्रार करायची मुदत दोन वर्षांची आहे. जितक्या जास्त तक्रारी एका वेळी जातील, तितकं बोर्ड बदलून पळणं त्यांना अवघड होईल.