आठ महिने लेटरबॉक्सिंग: दोन लहान मुलं घेऊन केलेल्या भटकंतीचा अनुभव

मुलगी आठ वर्षांची, मुलगा साडेचारचा. सुट्टीच्या दिवशी दोघांना घराबाहेर काढायचं म्हणून हे सुरू केलं, आता आठ महिने झालेत आणि अजून चालू आहे, म्हणून सविस्तर लिहितेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कोणीतरी बाहेर मोकळ्या जागेत एक घट्ट झाकणाचा छोटा डबा लपवून ठेवतं, आत एक रबरी शिक्का आणि एक वही. तो कुठे आहे त्याच्या खुणा लिहून दिलेल्या असतात, कधी सरळ, कधी कोड्यात. आपण आपला शिक्का, आपली वही आणि इंक पॅड घेऊन जायचं, डबा सापडला की आतला शिक्का आपल्या वहीत आणि आपला शिक्का त्यांच्या वहीत उमटवायचा, तारीख टाकायची, आणि डबा होता तिथेच तसाच परत लपवायचा. आतून काही घ्यायचं नाही. हे मूळचं इंग्लंडमधल्या डार्टमूरचं. तिथे 1854 मध्ये जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने क्रॅनमिअर पूल या अवघड जागी एक बाटली ठेवली, येणारे लोक तिच्यात आपलं कार्ड टाकायचे. पुढे लोक स्वतःचा पत्ता लिहिलेलं पोस्टकार्ड ठेवून जायला लागले आणि नंतर येणारा ते पोस्टात टाकायचा, त्यावरून हे नाव. मुलीला ही गोष्ट इतकी आवडली की ती भेटेल त्याला सांगते.

जीपीएसवाला जिओकॅशिंगचा प्रकार, म्हणजे मोबाईलवर जागा बघत लपवलेला डबा शोधायचा, आम्ही आधी केला होता. तो वाईट नाही, पण त्यात मुलं मोबाईलच्या बाणाकडे बघत चालतात. इथे खूण असते "वाकड्या फांदीच्या झाडापासून पूर्वेला तीस पावलं", मग मान वर करून झाड शोधावंच लागतं. मुलगी दोन महिन्यांत होकायंत्र वापरायला शिकली, काटा उत्तरेवर आणून मग दिशा धरायची हे ती आता मला दाखवते. धाकट्याला ते अजून जमत नाही, त्याच्याकडे पावलं मोजायचं काम. आणि इथेच आमचा पहिला घोळ झाला. काही जण प्रत्येक पाऊल एक मोजतात, काही जण डावं-उजवं मिळून एक, शिवाय मुलाचं पाऊल माझ्या निम्मं, त्यामुळे पहिल्या तीन वेळांपैकी दोनदा आम्ही भलत्याच झुडपात शोधत बसलो. आता मी मोठ्या पावलांनी एकदा मोजते, तो त्याच्या पावलांनी मोजतो आणि दोन्ही जागांच्या मधला पट्टा शोधतो, बऱ्याचदा तिथेच मिळतो.

शिक्का विकत आणू नका, घरी कोरा, खरं सांगते यातच निम्मी मजा आहे. साधा मोठा खोडरबर चालतो. कागदावर मऊ पेन्सिलीने चित्र काढायचं, कागद खोडरबरवर उपडा ठेवून घासायचा, चित्र उलटं उमटतं आणि तसंच कोरलं की शिक्का सरळ येतो. मुलीने नावाचं अक्षर थेट खोडरबरवर लिहिलं होतं, ते वहीत उलटं आलं, मग रडारड, मग दुसरा खोडरबर. कोरायचं काम अर्थात मोठ्यांनी करायचं, पातं धारदार असतं. मुलाचा शिक्का म्हणजे गोगलगाय, आणि या खेळात त्याचं नावही तेच. इथे खरं नाव लिहायचं नसतं, प्रत्येकाचं एक टोपणनाव असतं, मुलांच्या दृष्टीने मला हे फार बरं वाटतं.

आता त्रास. डबे गायब असतात. आम्ही तेवीस ठिकाणी गेलो, सोळा मिळाले. सुरुवातीला लागोपाठ दोनदा रिकाम्या हाताने आलो तेव्हा धाकटा म्हणाला मला नाही यायचं परत, आणि चूक माझी होती, शेवटचा कोणाला कधी सापडला ते न बघताच निघाले होते. आता अलीकडे सापडलेलेच निवडते, आणि एका फेरीत जवळजवळचे दोन तरी ठरवते. दोन डब्यांमध्ये पाणी शिरून वहीचा लगदा झाला होता, म्हणून सोबत कोरडे कागद आणि झिपच्या पिशव्या ठेवते. बिळात किंवा दगडाखाली मुलांना हात घालू देत नाही, आधी काठी, मग माझा हात. उकरायचं नाही, रचलेले दगड हलवायचे नाहीत, आणि आजूबाजूला लोक असतील तर थांबायचं, कारण कोणी बघितलं की डबा जातो. साडेचार वर्षांच्या मुलाला सापडल्यावर ओरडू नको म्हणणं अवघड, तो आता तोंडावर दोन्ही हात दाबून उड्या मारतो.

सगळ्यात आनंद झाला तो एका डब्यात हिचहायकर मिळाला तेव्हा. म्हणजे एक जास्तीचा छोटा शिक्का, त्याची स्वतःची वही, एका डब्यातून उचलून पुढच्या डब्यात सोडायचा. ही एवढी एकच वस्तू नेता येते. मुलाने तो दोन आठवडे उशाशी ठेवला, सोडताना त्याला टाटा केलं.

तीन वर्षांच्या आतलं मूल असेल तर थोडं थांबा, शोधण्यातला अर्थ त्यांना कळत नाही आणि इंक पॅड तोंडात जातो. चार ते दहा एकदम योग्य.

तीन महिन्यांपूर्वी जागेची परवानगी काढून आम्ही आमचा पहिला डबा लपवला. खुणा मुलीने लिहिल्या, वहीत आतापर्यंत पाच शिक्के आलेत, पाचवा कासवाचा आहे. ते कासव कोण असेल यावर रोज जेवताना चर्चा चालते.