परसबागेतला ठिबक संच : उन्हाळ्याअखेरचा लेखाजोखा

परसबागेसाठी घेतलेल्या ठिबक संचाविषयी मी मुद्दाम उन्हाळा सरत आल्यावर लिहीत आहे, कारण भाजीला पाणी देणाऱ्या साधनाची खरी कसोटी याच दिवसांत लागते. हंगामाच्या सुरुवातीला रोपे लहान असतात आणि झारीने घातलेले पाणीही त्यांना पुरते. पुढे झाडे फळांनी लगडतात, माती तापते आणि दोन दिवस पाण्याची हयगय झाली तरी ती आठवड्याभराने फळावर उमटलेली दिसते. टोमॅटो, काकडी, वांगी, भेंडी, घेवडा, भोपळा आणि थोडा पालक एवढी माझी बाग आहे. यंदा तिला सगळे पाणी या संचानेच दिले.

संचात १६ मिलिमीटर व्यासाची २५ मीटर काळी नळी, ताशी २ लिटर पाणी थेंबाथेंबाने सोडणारे ३० ड्रिपर, जाळीचा फिल्टर, बॅटरीवर चालणारा टायमर आणि जोडण्यांचे सुटे भाग मिळाले. मांडणीला एक दुपार पुरली. नळी आधी अर्धा तास उन्हात पसरून ठेवली की ती मऊ पडते आणि तिचा पीळ निघून जातो, हे पत्रकात लिहिलेले नाही, पण त्यामुळे काम फार सोपे होते. नळी काळी असल्यामुळे आत उजेड पोहोचत नाही आणि शेवाळ धरत नाही. पारदर्शक नळीच्या संचापेक्षा हा नक्कीच बरा.

सर्वांत मोठे यश टोमॅटोचे आहे. गेल्या उन्हाळ्यात माझ्या निम्म्याहून अधिक फळांच्या बुडाला काळा, चामड्यासारखा दबलेला डाग पडत होता. फळाला कॅल्शियम कमी पडल्याने हा डाग पडतो, म्हणून अनेक जण मातीत चुना किंवा अंड्याची टरफले घालतात. मातीत कॅल्शियम बहुधा पुरेसे असते. ते फळापर्यंत पोहोचते मात्र पाण्याबरोबरच, आणि एक दिवस चिखल तर दोन दिवस भेगा अशी मातीची अवस्था झाली की हा पुरवठा तुटतो. यंदा पहिल्या घोसातली दोन फळे सोडली तर असा डाग पडला नाही. सुकलेल्या झाडाला एकदम भरपूर पाणी मिळाल्यावर देठाभोवती साल तडकते, तेही या वर्षी जवळजवळ थांबले. माती सतत वाफशावर, म्हणजे चिखल न होता ओलसर राहिली, याचे श्रेय मी निःसंकोचपणे संचाला देते.

मात्र उष्णतेच्या ऐन भरात सुमारे दोन आठवडे टोमॅटोची फुले देठासकट गळून पडत होती. मला वाटले, पाणी कमी पडते आहे, म्हणून मी टायमरची वेळ दुप्पट केली. ती चूक होती. दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या आसपास गेले आणि रात्रीही हवा गार झाली नाही की टोमॅटोचे पराग निकामी होऊ लागतात आणि फळ धरत नाही; तिथे पाणी वाढवून काहीच साधत नाही. चार-पाच दिवसांत खालची पाने पिवळी पडली आणि माती उकरून पाहिली तर ती गच्च व आंबूस झाली होती. वेळ पुन्हा कमी केली तेव्हा झाडे सावरली आणि रात्री थोड्या गार होऊ लागल्यावर फळधारणा आपोआप सुरू झाली. फुलगळ दिसली की संचाला दोष देण्यापूर्वी तापमापक पाहावा, असे मी आग्रहाने सांगेन.

काकडीच्या बाबतीत संचाचा एक दोष माझ्या लक्षात आला आणि तो सविस्तर सांगण्याजोगा आहे. संच ज्या पाण्याच्या टाकीला जोडला आहे, तिच्याजवळच्या तीन वेलांची फळे सरळ आणि गोड होती, तर नळीच्या शेवटच्या टोकाच्या वेलाची फळे वाकडी, मधे बारीक आणि देठाकडे कडू निघत होती. ताण बसलेल्या वेलात कडवटपणा वाढतो, हे ठाऊक असल्यामुळे मी पाण्याचे माप घ्यायचे ठरवले. प्रत्येक ड्रिपरखाली वाटी ठेवून १० मिनिटांत साठलेले पाणी मोजपात्रात ओतले. पहिल्या ड्रिपरखाली १०० मिलिलिटर पाणी जमले, शेवटच्याखाली जेमतेम ६०. म्हणजे जो ड्रिपर ताशी २ लिटर देईल असे खोक्यावर छापले आहे, तो टाकीजवळही ताशी सुमारे ६०० मिलिलिटरच देत होता.

कारण साधे आहे. ताशी २ लिटर हा आकडा साधारण १ बार दाबाचा, म्हणजे १० मीटर उंचीवरून उतरणाऱ्या पाण्याचा असतो. माझी टाकी १ मीटर उंचीच्या चौथऱ्यावर आहे आणि तेवढ्या उंचीतून ०.१ बार एवढाच दाब मिळतो. दाब दहापट घटला की अशा साध्या ड्रिपरचा प्रवाह सुमारे एक तृतीयांशावर येतो. विक्री टाकीला जोडण्याचा संच म्हणून करायची आणि आकडा मात्र भरपूर दाबाचा छापायचा, तोही दाबाचा उल्लेख न करता, हे मला अयोग्य वाटते. या आकड्यावर विसंबून मी सुरुवातीला सकाळी आणि संध्याकाळी अर्धा-अर्धा तास पाणी सोडत होते, तेव्हा झाडांना अपेक्षेच्या तिसऱ्या हिश्शाइतकेच पाणी मिळत होते. टोमॅटोची ती दोन डागाळलेली फळे त्याच दिवसांतली आहेत. मोजमापानंतर मी सकाळी दोन तास आणि संध्याकाळी एक तास ठेवला, आणि टाकीचे पाणी नळीच्या एका टोकाऐवजी मधोमध जोडले. त्यामुळे पहिल्या आणि शेवटच्या ड्रिपरमधला फरक बराच कमी झाला आणि शेवटच्या वेलाच्या पुढच्या काकड्या गोड निघाल्या.

टायमरच्या बाबतीत मात्र निवड योग्य आहे. काही टायमरची झडप उघडायला पाण्याचा दाब लागतो आणि टाकीच्या पाण्यावर ती उघडतच नाही. या टायमरमध्ये मोटरने फिरणारी गोल झडप आहे आणि ती अगदी कमी दाबावरही चालते. घेताना हे एवढे विचारून घ्यावे.

आता ज्या नुकसानीला संच काही अंशी कारणीभूत ठरला, त्याविषयी. उन्हाळ्याच्या शेवटी घेवड्याच्या पानांवर सुईच्या टोकाएवढे फिकट ठिपके दिसू लागले. पान उलटे करून पाहिले तर शिरांच्या बेचक्यात बारीक जाळी आणि तिच्यात सरकणारे लालसर कण होते. हे लाल कोळी. कोरड्या, धुळकट पानांवर आणि उष्ण हवेत त्यांची संख्या झपाट्याने वाढते. झारीने पाणी देताना पाने धुतली जात होती. ठिबकने ती पूर्ण हंगामभर धुतली गेली नाहीत. घेवड्याच्या दोन ओळी गेल्या. वांग्यावर लागण झाली तेव्हा मी दर दोन-तीन दिवसांनी सकाळी पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा मारू लागले आणि वांगी वाचली. कोरड्या पानांचा फायदाही झाला, कारण ओल्या पानांवर वाढणारा करपा रोग टोमॅटोवर नावापुरताच आला. भोपळ्यावर भुरी मात्र आलीच. पान ओले नसले तरी ही बुरशी वाढते, तेव्हा ठिबकने तिला आळा बसेल अशी अपेक्षा कोणी ठेवू नये.

पेरलेल्या भाजीसाठी हा संच उपयोगाचा नाही. पालकाचे बी ओळीने टाकले होते, पण जिथे थेंब पडत होता तिथेच ताटलीएवढ्या गोलात हिरवळ उगवली आणि मधली माती कोरडीच राहिली. जे उगवले तेही लांब दिवस आणि उष्णता यांमुळे लवकर तुऱ्यावर आले, पण त्याला पाण्याची कोणतीही पद्धत उपाय नव्हती. भेंडी उत्तम आली, परंतु उष्णता हे तिच्या आवडीचेच हवामान असल्यामुळे त्या यशात संचाचा वाटा किती, हे मी ठामपणे सांगणार नाही.

देखभाल करावीच लागते. फिल्टर मी दर आठवड्याला धुतला, तरी हंगामाच्या शेवटी ३० पैकी ४ ड्रिपरवर क्षारांचा पांढरा थर बसून ते बंद पडले. ते काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवल्यावर तीन पूर्ववत झाले. ड्रिपरमधली वाट सरळ भोकाची नसून नागमोडी आणि लांब असते. तिच्यामुळे भोक अगदी बारीक न ठेवताही प्रवाह कमी राखता येतो. सिम्खा ब्लास यांनी इस्रायलमध्ये अशाच लांब वाटेचा ड्रिपर तयार केला आणि १९६० च्या दशकात त्याचे उत्पादन सुरू झाले. मात्र त्या वाटेत एकदा क्षार बसले की टाचणी घालून ते निघत नाहीत, उलट वाट बिघडते. चौथा ड्रिपर मी तसाच खराब केला.

ज्यांच्याकडे रोपे लावून वाढवलेल्या वीस-तीस फळभाज्या आहेत आणि रोज ठरल्या वेळी पाणी देणे शक्य होत नाही, त्यांनी हा संच जरूर घ्यावा. मातीवर वाळलेल्या पानांचे पाच-सात सेंटिमीटर आच्छादन घालून त्याखालून नळी न्यावी, आणि पहिल्याच दिवशी वाटी व घड्याळ घेऊन प्रत्येक ड्रिपरचे पाणी मोजावे. उत्पादकाने खोक्यावर १ मीटर आणि २ मीटर उंचीच्या टाकीसाठी प्रत्यक्ष प्रवाहाचे आकडे छापावेत, अशी विनंती मी त्यांना लेखी कळवली आहे.