जीझेडडूममधील स्क्रिप्टिंग: भाषा समर्थ, दोष शोधण्याची साधने अपुरी

आयडी सॉफ्टवेअरचा ‘डूम’ हा संगणकावरील खेळ डिसेंबर १९९३ मध्ये आला आणि १९९७ च्या अखेरीस त्याचा सोर्स कोड खुला झाला. त्या कोडवरून पुढे अनेक इंजिने, म्हणजे खेळ चालवणारे प्रोग्राम, तयार झाली. त्यांपैकी झेडडूम आणि त्याच्यातून निघालेले जीझेडडूम या घराण्याने मॉड (खेळात स्वतः केलेले फेरबदल) बनवणाऱ्यांना जेवढी मोकळीक दिली, तेवढी फार थोड्या इंजिनांनी दिली आहे. जीझेडडूमच्या चित्रणाविषयी आणि प्रकाशयोजनेविषयी पुष्कळ लिहिले जाते, म्हणून ते विषय येथे घेतलेले नाहीत. खेळाचे नियम स्वतः लिहायचे असतील आणि लिहिल्यावर त्यांतले दोष शोधायचे असतील, तर हे इंजिन कितपत साथ देते, एवढ्याच प्रश्नापुरते हे परीक्षण आहे. माझे मत असे की, लिहिण्याच्या बाजूने हे साधन अतिशय समर्थ आहे. दोष शोधण्याच्या बाजूने जे मिळते ते विश्वासार्ह असले तरी अपुरे आहे आणि ती उणीव मुख्यतः कन्सोल (खेळ चालू असताना आज्ञा टाइप करण्याची जागा) आणि इंजिनासोबत येणारा वाचनीय कोड या दोन गोष्टी भरून काढतात.

मूळ ‘डूम’मध्ये राक्षसांचे वागणे प्रोग्रामच्या आतच पक्के केलेले होते. डीहॅकएड या साधनाने त्यातील तक्त्यांमधले आकडे बदलता येत, परंतु नवे वर्तन लिहिता येत नसे. १९९५ च्या ‘हेक्सेन’बरोबर एसीएस ही नकाशासाठीची स्क्रिप्टभाषा आली आणि ती झेडडूमने उचलली. पुढे राक्षस व शस्त्रे यांच्या व्याख्या लिहिण्यासाठी डेकोरेट आली. २०१७ मध्ये जीझेडडूमच्या २.३ या आवृत्तीबरोबर झेडस्क्रिप्ट ही पूर्ण वाढलेली, क्लासवर (वस्तूंच्या साच्यांवर) आधारलेली भाषा मिळाली. आज तिन्ही भाषा एकाच मॉडमध्ये शेजारी शेजारी नांदू शकतात. जुने मॉड चालत राहतात हा याचा लाभ आहे, तर कोणते काम कोणत्या भाषेत करावे याचा नवशिक्याचा गोंधळ होतो ही याची किंमत आहे.

या सगळ्याच्या तळाशी जी कल्पना आहे ती १९९३ पासून फारशी बदललेली नाही, आणि तीच या इंजिनाचे खरे सौंदर्य आहे असे मला वाटते. प्रत्येक राक्षस म्हणजे स्टेटची (अवस्थांची) एक साखळी असते. प्रत्येक स्टेटमध्ये स्प्राइटचे (चित्राचे) चार अक्षरी नाव, फ्रेमचे अक्षर, किती टिक थांबायचे तो आकडा आणि त्या क्षणी चालवायचे फंक्शन असते. खेळाचे घड्याळ सेकंदाला ३५ टिक चालते. इम्प या राक्षसाची व्याख्या उघडून पाहिली, तर तो उभा असताना दर १० टिकांनी ए_लुक (खेळाडू दिसतो का ते पाहणारे फंक्शन) चालते आणि पाठलाग करताना दर ३ टिकांनी ए_चेस (पाठलागाचे पाऊल टाकणारे फंक्शन) चालते असे दिसते. त्याचा वेग ८ आहे, परंतु हा वेग सेकंदाचा किंवा टिकचा नसून ए_चेसच्या प्रत्येक हाकेचा आहे. म्हणून वेगाला हात न लावता केवळ ३ चे २ केले, तरी इम्प दीडपट वेगाने चालू लागतो आणि हल्ला करावा की नाही हा निर्णयही दीडपट वेळा घेऊ लागतो. खेळ अकारण अवघड झाल्याची तक्रार येते तेव्हा मूळ बहुधा अशा आकड्यात असते, आणि कोणतीही त्रुटीसूचना ते दाखवून देणार नाही, कारण इंजिनाच्या दृष्टीने येथे काहीही चुकलेले नसते.

एसीएस अजूनही नकाशातल्या घटनांसाठी सर्वांत सोयीची आहे. दार उघडा, दोन सेकंद थांबा, दिवे मालवा, मागच्या खोलीत राक्षस आणा, असा क्रम तिच्यात जवळजवळ बोलण्याच्या ओघात लिहिता येतो, कारण डिले या आज्ञेने फक्त ती स्क्रिप्ट थांबते आणि बाकीचा खेळ चालू राहतो. मात्र तिचे वय तिच्या अंकगणितात दिसते. दशांश संख्या म्हणून लिहिलेला १.० हा आकडा प्रत्यक्षात ६५५३६ या पूर्णांकाच्या रूपात साठवला जातो. साध्या गुणाकार चिन्हाने १.० ला १.० ने गुणले, तर उत्तर ३२ बिटांत मावत नाही आणि हाती शून्य येते. अशा गुणाकारासाठी फिक्स्डमल हे वेगळे फंक्शन आहे, परंतु ते वापरले नाही तर कंपायलर (लिहिलेल्या कोडचे भाषांतर करणारा प्रोग्राम) अडवत नाही आणि खेळ चालू असतानाही काही सूचना मिळत नाही. दुसरा वारंवार आढळणारा दोष म्हणजे एकदा सुरू असलेली स्क्रिप्ट साध्या आज्ञेने पुन्हा सुरू होत नाही. दोन खेळाडूंनी पाठोपाठ एकच कळ दाबली की दुसऱ्याच्या वाट्याला काहीच येत नाही. त्यासाठी एसीएस_एक्झिक्यूटऑल्वेज वापरावे लागते. हा नियम दस्तऐवजात स्पष्ट दिलेला आहे, पण एकट्याने चाचणी घेणाऱ्याला तो दोष दिसण्याची शक्यताच कमी असते.

झेडस्क्रिप्टमध्ये आले की परिस्थिती पुष्कळ सुधारते. किमतींच्या प्रकारांची (संख्या, मजकूर वगैरे) तपासणी फाइल लोड होतानाच होते आणि चूक कोणत्या फाइलच्या कितव्या ओळीवर आहे हे स्पष्ट सांगितले जाते. अर्धविराम राहून गेल्यास सूचना बहुधा पुढच्या ओळीचा क्रमांक दाखवते, ही गोष्ट एकदा ध्यानात ठेवली की मग अडचण येत नाही. इव्हेंटहँडलर ही सोय तर मला सर्वांत मोलाची वाटते. कोणताही राक्षस मेला, नवी वस्तू निर्माण झाली किंवा नकाशा सुरू झाला की ठरलेले फंक्शन आपोआप बोलावले जाते. त्यामुळे शंभर राक्षसांच्या व्याख्या न बदलता एका ठिकाणी नियम लिहिता येतो आणि दुसऱ्याच्या मॉडशी आपला मॉड सहसा भांडत नाही.

धावत्या खेळात होणाऱ्या चुका इंजिन कसे हाताळते, हे एका उदाहरणाने नीट समजेल. समजा, एका म्होरक्यामागे तीन राक्षस चालतात आणि म्होरक्याची प्रकृती शून्यावर आली की त्यांनी पळून जायचे आहे. प्रत्येक अनुयायी म्होरक्याचा पॉइंटर (त्या वस्तूचा पत्ता) जपून ठेवतो आणि दर टिकला त्याची प्रकृती तपासतो. म्होरक्या इम्प असेल तर सगळे बिनचूक चालते, कारण इम्प मेल्यावर त्याचे कलेवर नकाशात राहते आणि पॉइंटरही वैध राहतो. आता त्याच जागी लॉस्ट सोल हा राक्षस ठेवा. त्याची मरणाची साखळी सहा फ्रेमची असून प्रत्येक फ्रेम ६ टिकांची आहे आणि शेवटी स्टॉप आहे, म्हणजे वस्तूच नष्ट होते. मरणानंतर ३६ टिकांनी, म्हणजे सेकंदाहून किंचित उशिरा, पॉइंटर रिकामा होतो. पुढच्या तपासणीला शून्य पत्त्यावरून वाचण्याचा प्रयत्न झाल्याची सूचना येते आणि चालू खेळ संपवून इंजिन कन्सोलवर परत आणते.

या प्रसंगात इंजिनाच्या दोन गोष्टींची प्रशंसा करायला हवी. पहिली म्हणजे नष्ट झालेल्या वस्तूचे पॉइंटर आपोआप रिकामे केले जातात. मूळ सी कोडमध्ये अशा वेळी मोकळ्या केलेल्या स्मृतीकडे निर्देश करणारा पॉइंटर तसाच उरू शकत असे आणि त्याचे परिणाम कुठे उमटतील याचा नेम नसे. दुसरी म्हणजे सूचनेबरोबर कोणते फंक्शन कोणी बोलावले याची साखळी फाइल व ओळ क्रमांकांसह मिळते. अनुयायी पळू लागल्यावर सेकंदभराने खेळ बंद पडला, तर लिहिणाऱ्याचा संशय साहजिकच पळण्याच्या कोडवर जातो. ती साखळी वाचली की दोष तपासणीच्या ओळीत आहे हे लगेच कळते. उपाय एका ओळीचा आहे: आधी पॉइंटर अस्तित्वात आहे का ते पाहावे आणि मगच त्याची प्रकृती वाचावी.

तरीही ही मदत खेळ कोसळल्यावर मिळते, आणि न कोसळणाऱ्या चुकांसाठी ती उपयोगी नाही. टिक हे दर टिकला चालणारे फंक्शन स्वतःचे लिहिताना मूळ क्लासचे टिक बोलावले नाही, तर तो राक्षस जिथे असेल तिथे खिळून राहतो, कारण त्याची हालचाल आणि स्टेट पुढे सरकवणे हे सगळे त्या मूळ फंक्शनातच होत असते. यावर एका शब्दाचीही सूचना मिळत नाही. अशा वेळी ओळीवर ब्रेकपॉइंट (थांबण्याची खूण) लावून खेळ थांबवावा, व्हेरिएबलच्या किमती पाहाव्यात आणि एकेक पाऊल पुढे जावे, अशी इच्छा होते. ४.१० सारख्या आवृत्तीत इंजिनाच्या आत असा डीबगर नाही, आणि इतक्या प्रौढ भाषेला तो नसावा ही मला या साधनाची सर्वांत मोठी उणीव वाटते. कन्सोलवर किमती छापण्याचाच मार्ग उरतो. तो मार्गही विचार करून वापरावा लागतो, कारण दर टिकला छापणारा एकच राक्षस सेकंदाला ३५ ओळी टाकतो आणि दहा राक्षस असले की हवी ती ओळ वाचण्यापूर्वीच वर निघून जाते. किंमत बदलेल तेव्हाच छापावी, प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला नकाशाचा टिक क्रमांक लिहावा आणि सगळे लॉगफाइल या आज्ञेने फाइलीत साठवावे, ही शिस्त पाळली तर मात्र हा साधा मार्ग पुष्कळ दूर नेतो.

कन्सोल ही या इंजिनाची खरी प्रयोगशाळा आहे. समन या आज्ञेने हवा तो राक्षस समोर आणता येतो, फ्रीझने तो जागच्या जागी थांबवता येतो, नोटार्गेटने त्याच्या नजरेतून सुटता येते. प्यूक ही आज्ञा एसीएसची कोणतीही स्क्रिप्ट क्रमांकाने थेट चालवते, तर नेटइव्हेंट आपल्या इव्हेंटहँडलरला हवा तो संदेश पाठवते. इन्फो ही आज्ञा निशाण्यावर असलेल्या राक्षसाची माहिती दाखवते. खिळून राहिलेल्या त्या राक्षसापुढे उभे राहून ती चालवणे ही तपासाची चांगली सुरुवात होते. या आज्ञा एकत्र वापरल्या की पूर्ण पातळी न खेळता नेमकी संशयित परिस्थिती काही क्षणांत उभी करता येते. केवळ व्याकरण तपासायचे असेल तर नोरन या पर्यायासह इंजिन सुरू करावे. ते फाइली वाचते, चुका सांगते आणि खेळ न उघडता बंद होते.

झेडस्क्रिप्टमध्ये खेळाचा कोड आणि पडद्यावरील मांडणीचा कोड यांत कडक भिंत आहे. मांडणीच्या कोडला खेळातील किमती वाचता येतात, परंतु बदलता येत नाहीत. नवशिक्यांना हा जाच वाटतो, कारण पडद्यावरचे बटण दाबल्यावर खेळाडूला औषध द्यायचे एवढेसे काम करण्यासाठीही आधी नेटवर्क संदेश पाठवावा लागतो. माझ्या मते ही भिंत पूर्णपणे योग्य आहे. अनेक खेळाडूंच्या खेळात प्रत्येक संगणकावर तोच खेळ टिकागणिक सारखा चालणे आवश्यक असते. एका संगणकाच्या मांडणीच्या कोडने किंमत बदलली तर खेळ एकमेकांपासून फाटतात, आणि असा दोष शोधण्याइतके कष्टाचे काम दुसरे नाही. येथे कंपायलर तो दोष जन्मालाच येऊ देत नाही.

दस्तऐवजाच्या बाबतीत झेडडूमचा विकी एसीएस आणि डेकोरेटसाठी भरभक्कम आहे. झेडस्क्रिप्टसाठी तो असमान आहे, काही क्लासची पाने सविस्तर आहेत तर काहींची नुसती यादी आहे. मात्र इंजिनासोबत येणारी जीझेडडूम.पीके३ ही फाइल म्हणजे साधे झिप असून तिच्यात सगळ्या मूळ राक्षसांचा, शस्त्रांचा आणि वस्तूंचा झेडस्क्रिप्ट कोड आहे. स्लेड या मोफत संपादकात ती उघडावी आणि जे करायचे आहे त्याच्या जवळ जाणारा राक्षस शोधून वाचावा. इम्प, लॉस्ट सोल आणि पेन एलिमेंटल या तिघांच्या फाइली वाचल्या तरी पाठलाग, झेप आणि दुसरा राक्षस निर्माण करणे या तीन तंत्रांचा पाया पक्का होतो. इंजिन जीपीएल या मुक्त परवान्याखाली मोफत आहे, आणि मूळ खेळ जवळ नसेल तर फ्रीडूम या मुक्त संचावर सराव करता येतो.

काम सुरू करताना झेडस्क्रिप्ट फाइलीच्या पहिल्या ओळीत आवृत्तीचा क्रमांक लिहायला विसरू नये, कारण भाषेचे कोणते नियम लागू होतील हे त्यावरून ठरते. मॉड इतरांच्या हाती देण्यापूर्वी आणखी एक चाचणी घ्यावी: खेळ मध्येच सेव्ह करून, इंजिन बंद करून, पुन्हा लोड करावा. साध्या इव्हेंटहँडलरमधील किमती सेव्हमध्ये जातात, स्टॅटिकइव्हेंटहँडलरमधील जात नाहीत. मारलेल्या राक्षसांची मोजणी चुकून दुसऱ्या प्रकारात ठेवलेली असेल, तर लोड केल्यावर ती पुन्हा शून्यापासून सुरू होते आणि त्या मोजणीवर उघडणारे दार त्या खेळाडूसाठी कायमचे बंद राहते.