वटवाघूळ निरीक्षण फेरी, नागपूर : पाहण्याजोगी, पण पत्रक सुधारावे

सिव्हिल लाइन्समधील जुन्या झाडांखाली संध्याकाळी होणारी ही मार्गदर्शित फेरी नागपूरकरांनी अवश्य करावी. नवतप्याच्या दिवसांत फळभक्षी वटवाघळे उलटी लटकून पंखांनी स्वतःला वारा घालतात, ते दुर्बिणीतून स्पष्ट दिसते. परंतु फेरीचा खरा ऐवज झाडाखाली आहे. मार्गदर्शक हातमोजे घालून उंबराखालचा सुकलेला चोथा उचलतात आणि ही वटवाघळे फळ चावून रस गिळतात व उरलेला चोथा थुंकून टाकतात, हे समजावतात. नंतर एका पडक्या भिंतीपाशी कीटकभक्षी वटवाघळांची लेंडी चिमट्याने फोडली जाते, तेव्हा तिच्या भुग्यात कीटकांच्या कवचांचे तुकडे चमकताना दिसतात. आहारातला एवढा फरक डोळ्यांनी पाहिल्यावर दोघांच्या आतड्यांतील जिवाणूही तितकेच वेगळे असणार, असे कोणालाही वाटेल.

फेरीत मिळणारे छापील पत्रक नेमके तेच ठामपणे सांगते, आणि तिथे माझा आक्षेप आहे. बहुतेक सस्तन प्राण्यांच्या आतड्यांत फर्मिक्युटीस आणि बॅक्टेरॉइडेटीस या गटांचे प्राबल्य असते. वटवाघळांत मात्र अनेकदा प्रोटिओबॅक्टेरिया गटाचे जिवाणू जास्त सापडतात. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सुमारे ९०० पृष्ठवंशी प्रजातींच्या तुलनेत असे आढळले, की इतर सस्तन प्राण्यांत आहार आणि वंश यांच्याशी दिसणारे जिवाणूंचे नाते पक्षी व वटवाघळे यांच्यात फार सैल आहे. उडण्यासाठी शरीर हलके हवे, म्हणून आतडे आखूड असते आणि अन्न त्यातून झपाट्याने पुढे सरकते. त्यामुळे गाई-म्हशींप्रमाणे पचनासाठी जिवाणूंवर विसंबून राहणे त्यांना परवडत नसावे, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. आहाराचा परिणाम अजिबात नसतो, असे मात्र नाही. मध्य व दक्षिण अमेरिकेतील रक्तपिपासू वटवाघळांचे आतड्यातील जिवाणू इतर वटवाघळांपेक्षा वेगळे असून, केवळ रक्तावर जगताना पडणारी पोषणाची उणीव भरून काढायला ते हातभार लावत असावेत, असे अभ्यासकांचे मत आहे. (तशी वटवाघळे भारतात नाहीत, हे मार्गदर्शकांनी प्रत्येक गटाला आवर्जून सांगावे.)

मार्गदर्शकांना हे सारे ठाऊक आहे. विचारल्यावर त्यांनी नेटके सांगितलेही. मग पत्रकातही ते यायला हवे. मुलांना चोथ्याला वा लेंडीला हात लावू न देण्याची त्यांची शिस्त उत्तम आहे. पाचपैकी चार तारे.