१९६९ची ‘मूळ एसएस’ म्हणून साधी कॅमारो गळ्यात मारली

मिशिगनमध्ये जुनी मसल कार (मोठ्या, ताकदवान इंजिनाची अमेरिकन गाडी) घ्यायच्या विचारात असलेल्या मराठी मंडळींसाठी हे लिहितोय. मी आणि माझ्या मेव्हण्याने मिळून शेव्हरोलेची एक कॅमारो घेतली आणि आमची चक्क फसवणूक झाली. ती कशी केली गेली, हे तपशिलात कळलं तर पुढचा माणूस तरी वाचेल.

१९६९च्या कॅमारोवर जीव का जडतो, हे ती जवळून पाहिलेल्याला सांगायला नको. हगर ऑरेंज रंगावरचे पांढरे पट्टे, चाकांवरून मागे धावणाऱ्या त्या पत्र्यातल्या रेषा, आणि बिग ब्लॉक व्ही-८ (मोठ्या ब्लॉकचं आठ सिलिंडरचं इंजिन) जागेवर नुसतं चालू असलं तरी छातीत जाणवणारी धडधड! ही हौस माझी आजही तसूभर कमी झालेली नाही. पण मोठी किंमत मोजली जाते ती गाडी कारखान्यातून काय म्हणून निघाली याची. त्या वर्षीच्या सुमारे २,४३,००० कॅमारोंपैकी एसएस, म्हणजे ‘सुपर स्पोर्ट’ ही जास्त ताकदीची आवृत्ती, जेमतेम ३५,००० होत्या. साध्या गाडीला एसएसचे बिल्ले, बॉनेट, इंजिन चढवता येतं, सगळे भाग नवे मिळतात. ‘क्लोन’ असं सांगून विकली तर त्यात गैर काहीच नाही.

आम्हाला मात्र ‘मूळ एसएस ३९६, मॅचिंग नंबर’ असं लिहून विकली, म्हणजे ३९६ घनइंचाचं, कारखान्यात बसवलेलं मूळ इंजिनच गाडीत आहे असा दावा. फायरवॉलवरच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावरच्या) कारखान्याच्या माहितीपट्टीवर, म्हणजे टॅगवर, एसएस ३९६चा एक्स-२२ हा कोड होता, इंजिनावर गाडीच्याच व्हीआयएनचे (कारखान्याने दिलेल्या ओळख-नंबरचे) आकडे होते. पुढे जुन्या शेव्हरोले गाड्यांवर हयात घालवलेल्या एका मेकॅनिकने उजव्या सिलिंडर हेडसमोरचा छोटा पॅड (इंजिनावरची, आकडे ठोकलेली सपाट जागा) पुसला आणि टॉर्च तिरका धरला. कारखान्यातल्या यंत्राच्या बारीक, समांतर रेघा तिथे दिसायला हव्या होत्या. पण पॅड घासून गुळगुळीत केला होता, आकडे नव्याने ठोकले होते. मग इंजिनाच्या ब्लॉकच्या ओतकामाची तारीख सापडली: एफ १८ ९, म्हणजे १८ जून १९६९. टॅगवर बॉडीची तारीख ०३ए, मार्चचा पहिला आठवडा. मार्चमध्ये बनलेल्या गाडीत जूनमध्ये ओतलेलं इंजिन! टॅगही नवा बनवून रिव्हेटने बसवलेला निघाला.

कॅमारोच्या व्हीआयएनमधल्या १२४३७ वरून व्ही-८ कूपे एवढंच कळतं, एसएस कळत नाही. १९६६ ते १९७१च्या पॉन्टियाक जीटीओ या मसल कारचा नंबर २४२ने सुरू होतो, तिथे ताडून पाहणं सोपं. १९६७पासूनच्या फोर्डचा मार्टी रिपोर्ट (कारखान्याच्या नोंदींवरून दिलेला अहवाल) मागवता येतो. कॅमारोत मात्र मूळ बिल्ड शीट (गाडी बनवतानाची कारखान्यातली यादी) किंवा वॉरंटी पुस्तिकेतली धातूची प्रोटेक्ट-ओ-प्लेट मागायची, आणि पॅड व ओतकामाची तारीख जाणकाराला प्रत्यक्ष दाखवल्याशिवाय एक डॉलरही द्यायचा नाही.

विक्रेत्याने ‘आहे त्या स्थितीत’ हे कलम पुढे करून हात वर केले आणि जाहिरातही काढून टाकली. जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि ‘मॅचिंग नंबर’ लिहिलेली पावती आमच्याकडे आहे. वकिलाची नोटीस गेली आहे, मेकॅनिकचा लेखी अहवाल फोटोंसह सोबत जोडलाय.