देवबाग-तारकर्लीची घरगुती निवासव्यवस्था: एक घर भरलं तर पुढे काय?

मालवणजवळच्या या पट्ट्यात कर्ली खाडी आणि समुद्र यांच्यामध्ये चिंचोळ्या जागेत घरं दाटीने आहेत. दिवाळी-नाताळात खोली नसेल तर मालक ‘नाही’ म्हणत नाहीत, शेजारच्या वाडीत फोन लावतात. ही ओळखीची साखळीच इथली खरी सेवा, आणि ती उत्तम चालते. पाहुण्याने तक्रार केली तर शब्द टाकणाऱ्याचं नाव खराब होतं, म्हणून मालक सहसा जपूनच पाठवतात.

गोंधळ होतो तो आगाऊ रकमेत. पैसे पहिल्याकडे, खोली दुसऱ्याकडे, आणि उरलेली रक्कम किती यावर दारातच वाद. त्यामुळे निघण्याआधी दुसऱ्या घराचं नाव, भाडं आणि भरलेली रक्कम दोघांकडूनही व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. जेवण वेगळं की भाड्यात, हेही विचारा. सुरमई-पापलेटची थाळी बाजारभावाने बदलते. शाकाहारी असाल तर आदल्या रात्रीच सांगा.

स्कूबा (पाण्याखालची डुबकी), डॉल्फिन किंवा खाडीतल्या त्सुनामी बेटाची बोट घरमालकच ठरवून देतात. त्यात त्यांचं कमिशन असू शकतं, त्यात गैर काही नाही, पण लाइफजॅकेट प्रत्येकाला मिळणार का ते आधी विचाराच. पावसाळ्यात बोटी बंद असतात.