व्ही-क्रॉसचे पहिले साडेतीन हजार किलोमीटर आणि दोन इंचांचा मोह

वेल्ह्याला आमची दोन एकर शेती आहे. कोथरूडहून दर शनिवारी नसरापूरमार्गे जायचं, रोपं, ठिबकच्या नळ्या, खताच्या गोण्या न्यायच्या, म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस ही पिकअप घेतली. आता मीटरवर साडेतीन हजार झालेत.

१.९ लिटरचं डिझेल इंजिन, १६३ पीएस, ३६० न्यूटन-मीटर. शेताकडची शेवटची चढण लाल मातीची, भर पावसात नुसता चिखल. तिथे गाडी थांबवून फोर-लो (चारही चाकांना हळू पण जास्त जोर देणारा गिअर) टाकते आणि पहिल्या गिअरमध्ये सावकाश सोडते. आजवर एकदाही ट्रॅक्टर बोलवायची वेळ आली नाही. मागे पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) आहेत, त्यामुळे रिकाम्या गाडीत स्पीडब्रेकरवर मागच्या सीटवरचा माणूस उडतो. हौद्यात चार गोण्या टाका, तीच गाडी शहाण्यासारखी चालते.

जुलैत ओढा ओलांडताना खाली दगड लागला. आवाज असा झाला की आईने दाराची कडी घट्ट धरली. त्याच आठवड्यात मी गाडी उचलून, म्हणजे तिची उंची वाढवून घ्यायचं मनावर घेतलं. शहरातल्या एका अॅक्सेसरीजच्या दुकानात विचारलं, तर तिथला मुलगा म्हणाला, "ताई, दोन इंचांचं तर काम आहे. पुढे स्प्रिंगवर स्पेसरची चकती, मागे पाट्यांखाली ब्लॉकचा ठोकळा. दीड तासात गाडी हातात." सांगितले अठरा हजार. दगड नेमका कुठे लागला, हे त्याने वाकून पाहिलंसुद्धा नाही.

ते पाहिलं आमच्या नेहमीच्या अलाइनमेंटवाल्या काकांनी. गाडी रॅम्पवर घेतली, बॅटरी मारली. ओरखडा मागच्या डिफरन्शिअलच्या, म्हणजे अॅक्सलच्या मधल्या गिअरपेटीच्या, फुगीर भागावर होता. "हे बघ, हा अॅक्सल चाकांना धरून आहे. पाट्यांखाली ब्लॉक घातला की बॉडी वर जाईल, हा इथेच राहणार. हा उचलायचा तर टायरच मोठे लागतात." म्हणजे अठरा हजार घालून तोच दगड तिथेच लागला असता! मी तिथेच गप्प झाले.

मग त्यांनी पुढच्या चाकामागचं रबरी बूट दाखवलं. रॅम्पवर चाक लोंबत होतं, बुटाच्या घड्या एका बाजूला ताणलेल्या, दुसऱ्या बाजूला एकमेकींवर चेपलेल्या. स्पेसर टाकला की चाक याहूनही खाली लोंबतं, बुटाच्या आतला सीव्ही जॉइंट (चाकाला फिरवणारा सांधा) आणखी तिरका फिरतो, चाकाला धरणाऱ्या बॉल जॉइंटवरही ताण येतो. बूट फाटलं की ग्रीस बाहेर, चिखल आत, आणि जॉइंट गेला. शिवाय अलाइनमेंट नव्याने करावी लागते, नाहीतर टायर एका कडेने झिजतात. हेडलाइटही खाली घ्यावे लागतात, एरवी समोरच्याच्या डोळ्यांत जातात. सर्व्हिस सेंटरने स्पेसरमुळे बिघडलेला भाग वॉरंटीत धरणार नाही असं स्पष्ट सांगितलं. कायद्याचंही आहेच: गाडीतल्या बदलांबद्दलचं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, आणि मूळ रचनेशी विसंगत बदल चालणार नाहीत हा सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा निकाल.

आणि आईचा गुडघा. आत्ताच ती दाराची कडी धरून, माझ्या खांद्यावर हात ठेवून चढते. आणखी दोन इंच तिच्याच्याने झाले नसते.

त्या अठरा हजारांतले थोडे खर्चून ओढ्याच्या उतारावर दोन खेपा मुरूम टाकला, तो दगड पहारीने काढला.

नवीन पिकअप घेणाऱ्यांनी सुरुवातीला लक्ष घालायचं ते वेगळ्याच ठिकाणी. पाटे अॅक्सलला आवळणारे यू-बोल्ट पहिल्या हजारेक किलोमीटरनंतर टॉर्क पाना (ठरलेल्या जोराने आवळणारा पाना) लावून तपासून घ्या. नवे पाटे बसतात तसे नट किंचित सैल होऊ शकतात. हवा रिकाम्या गाडीला वेगळी, भरलेल्या गाडीला वेगळी, दाराच्या चौकटीवर लिहिलेली असते. शाळेत सोडायला रोज चार किलोमीटर चालवली तर धुराच्या फिल्टरमध्ये काजळी साचते. सातारा रोडला एका दमात तासभर चालवली की ती जळून जाते, आमचं ते काम शनिवारी आपोआप होतं. ओढ्याचं पाणी अॅक्सलच्या वर आलं असेल तर डिफरन्शिअलचं तेल बघा. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, लगेच बदला.

आमचं तेल मी दसऱ्याच्या आधी काकांकडे उघडून बघणार आहे. आईला चढायला गाडीच्या दाराखाली पायरी त्याच दिवशी बसेल.